लिहिणाऱ्याची तिपाई

कंपनीने फसवलं. शेषराव काकांना फसवलं, त्यांच्या सुनेला फसवलं, आणि हे सगळं माझ्या दुकानातून, माझ्या तोंडून करवून मलाही फसवलं. हे आधीच सांगून मोकळा होतो, कारण ज्यांच्याबद्दल लिहायला बसलो आहे त्यांना लांबण लावलेलं खपत नसे. मी रागाने काही सांगायला लागलो की ते हात वर करायचे. "सेठ, कोणं कोणाले काय केलं, तेवढं सांगा अगोदर. बाकीची बरात मांगून येऊ द्या."

ते म्हणजे सर. रिसोडला बाजाराच्या रस्त्यावर माझं शेतीच्या अवजारांचं दुकान आहे, त्या जागेचे मालक. उर्दू हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. दुकानाच्या मागे अंगण आणि अंगणापलीकडे दोन खोल्या, तिथे ते एकटेच राहत. मुलगी अकोल्याला दिलेली. ती न्यायला आली की म्हणत, "तिथं मले वाक्य कोण आणून देईन?"

लोक त्यांच्याकडे वाक्यं घेऊन येत. खरंच. कोणी वैद्याकडे पोर घेऊन जातो तसे. दवाखान्याचा कागद, मोटारीच्या विम्यातली बारीक अक्षरं, दुबईला निघालेल्या पोराचा करार. मानोऱ्याकडून, पोहरादेवीकडून जीप बदलत माणसं यायची आणि माझ्या काउंटरवर विचारायची, "वाक्य सोडवणारे सर इथंच राह्यतात का?" मी नववीपर्यंत शिकलेला. इंग्रजीने मला शाळेतून बाहेर काढलं आणि पंक्चरच्या पेटीवर बसवलं. त्या पेटीवरून या दुकानापर्यंत मी बोलून, भांडून, घासाघीस करून आलो. त्यामुळे सुरुवातीला मला या म्हाताऱ्याचं हसूच यायचं.

त्यांच्याकडे सायकल होती. तिच्यावर बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. हँडल धरून सगळ्या गावातून चालत. "सर, बसायचं नाई तं सायकल कायले नेता?" "हात मोकळे राह्यले का डोकं भटकते." घरात एक जाडजूड शब्दकोश होता, तो खिडकीच्या फळीला टेकू म्हणून लावलेला. "लफ्ज नाई समजला म्हणून कोणी बुडत नाई, सेठ. कोण कोणाले काय करून राह्यला हे नाई समजलं, म्हणून बुडते माणूस."

लग्नपत्रिकेतलं इंग्रजी गचाळ असलं तर ते लग्नाला जात, नवरानवरीला दुआ देत आणि न जेवता परत येत. मी एकदा चिडून म्हटलं, "अन्नाचा काय गुन्हा, सर?"

"अन्नाचा नाई. पण ज्या घरात दोन ओळी कोणं पुन्हा वाचून पाह्यल्या नाईत, त्या घरात वरणातलं मीठ कोणं चाखून पाह्यलं असन?"

माझी आणि त्यांची खरी ओळख जागेच्या करारावरून झाली. तहसीलसमोरच्या टंकलेखकाकडून मी करार मुद्दाम इंग्रजीत करून आणला होता. मराठीत कागद हलका वाटतो अशी माझी तेव्हा समजूत. छपराची दुरुस्ती मालकाच्या गळ्यात पडावी एवढं मी त्याला बजावून सांगितलं होतं. सरांनी कागद वाचला. चेहरा तसाच. मग बाहेर जाऊन शेजारच्या पानवाल्याला बोलावून आणलं, त्याला अंगणात उभं केलं आणि म्हणाले, "तू छप्पर. सेठ, तुमी भाडेकरू, तुमी खालती उभे राहा. मी पाऊस."

आणि त्यांनी तांब्याभर पाणी माझ्या अंगावर फेकलं.

माझं डोकं फिरलं. "काय चालवलं हे?"

"पाऊस आला," सर शांतपणे म्हणाले. "आता कागद काय म्हणते ते ऐका. कागद म्हणते, अशा वेळी छपरानं भाडेकरू दुरुस्त करून घ्यावा." मग पानवाल्याकडे वळले. "कर रे दुरुस्त."

पानवाल्याने खिशातलं पान काढून माझ्या तोंडात कोंबलं. रस्त्यावरची माणसं अंगणाच्या दारात येऊन हसत होती. मी ओला, तोंडात पान, बोलता येईना. सरांनी तोच कागद उलटा केला आणि मागे मराठीत लिहिलं, छप्पर मालकाचं, दुरुस्ती मालकाची. खाली सही केली.

मी बैलबाजारापासून मोटारींच्या डीलरपर्यंत सगळ्यांशी सौदे केले आहेत. समोरच्याची चूक आधी दुरुस्त करून द्यायची आणि मग त्याच दुरुस्तीप्रमाणे स्वतः हरायचं, असा सौदा करणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. पान थुंकायचं विसरलो होतो.

हीच त्यांची रीत. वाक्य ते समजावून सांगत नसत, उभं करत. वाक्यात जेवढी माणसं आणि वस्तू, तेवढी अंगणात उभी राहायची. माणसं कमी पडली की माझ्या दुकानातले नट, वायसर, पट्टे उचलून न्यायचे आणि परत करायचे नाहीत. मग एकेक तुकडा वाचायचा आणि ज्याचं त्याने तसं करायचं. कोणी मध्येच आपली कहाणी सुरू केली, की साहेब असा म्हणाला होता, मेव्हणा तसा म्हणाला होता, तर सर विचारायचे, "वाक्यात हाय का हे? नसन तं घरी न्या."

आणखी एक होतं. प्रत्येक वेळी ते एक लाकडी तिपाई बाजूला ठेवत आणि तिच्यावर कोणाला बसू देत नसत. "ही लिहिणाऱ्याची. इंग्रजी कागदात सगळे असतात, हुकूम असते, मनाई असते. फक्त हुकूम देणारा नसते. तो आला तं त्याले जागा पायजे." तो कधी आला नाही. वाक्य सुटलं की सर तिपाईकडे बघून म्हणायचे, "आजबी गैरहाजर." शाळेत हजेरी घेतल्यासारखं.

आता शेषराव काकांचं.

काकांची रिसोडजवळच्या एका खेड्यात थोडी शेती आणि पाच-सहा जनावरं. माझं पहिलं पक्कं गिऱ्हाईक. पंक्चरच्या पेटीवर होतो तेव्हापासूनचं. मी त्यांना विजेवरची कडबाकुट्टी दिली. तोंडातून कडबा सारायचा, आत चाकाला लावलेली पाती फिरतात, कुटार बाहेर पडतं. पात्यांवर एक लोखंडी झाकण. ओला चारा घातला की आत कोंडतो, तेव्हा ते झाकण उघडून साफ करावं लागतं. आमच्याकडे सगळे काय करतात? बटण बंद करतात, चाक थांबेपर्यंत तंबाखू मळतात आणि मग झाकण उघडतात. मशीनसोबत येणारं इंग्रजी पुस्तक कोणी वाचत नाही. ते खोक्यातच राहतं, उंदरं खातात.

पण कंपनीच्या माणसाने आम्हा दुकानदारांना सांगून ठेवलं होतं, गिऱ्हाइकाला पुस्तक वाचायला लावा, पुस्तकाप्रमाणे वागला तर मशीन कधी दगा देणार नाही. मी काकांना तेच सांगितलं. आणि काकांच्या घरात वाचणारं माणूस होतं. त्यांची सून, ज्योती, वाशीमला बी.ए. झालेली. त्या घरात विजेच्या बिलापासून औषधाच्या पाकिटापर्यंत कोणतीही अक्षरं आली की आधी तिच्या हातात जात. काका चारचौघांत सांगत, "आमच्या घरी वाचणारी हाय." तिने पुस्तक वाचलं, काकांना सांगितलं. काकांनी तसंच केलं. चारा कोंडला, मशीन चालू होतं, त्यांनी झाकण उघडलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

मी दवाखान्यात गेलो तेव्हा काकू मला म्हणाल्या, "पुस्तकात तसंच लिहेल हाय म्हणे." मग सुनेकडे न बघता म्हणाल्या, "का हिनंच तसं वाचलं, काय मालूम."

त्या घरात ज्योतीला कोणी शिवी दिली नाही, हात उगारला नाही. फक्त तिच्या हातात कागद देणं बंद झालं. बिल आलं की काकू शेजारच्या पोराला हाक मारायच्या. मी भेटायला गेलो तेव्हा काकांची औषधं कोनाड्यात होती आणि काका त्यांच्या रंगावरून विचारत होते, "लाल कवा घ्यायची?" ज्योती चुलीजवळ बसलेली, ऐकत होती. तिला विचारायचं कोणाच्या मनातही आलं नाही. माझ्या मनात आलं, पण मी काकांसमोर बोललो नाही.

मी कंपनीला फोनवर जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. शेवटी नागपूरहून त्यांचा एक साहेब आला. इस्त्रीचा सदरा, गोड आवाज. काकांच्या घरी बाजेवर बसून पुस्तक उघडलं आणि म्हणाला, "यात स्पष्ट लिहिलंय की मशीन थांबण्यापूर्वी झाकण उघडू नये. वाचणाऱ्यानं चुकीचं वाचलं, त्याला कंपनी काय करणार?" वाचणारी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तांब्या तिथेच ठेवून ती आत गेली.

मी उठलो, सरळ पुस्तक उचललं आणि सरांकडे आलो. "सांगा, काय लिहिलं याच्यात?"

सरांनी ते वाक्य वाचलं. परत वाचलं. चष्मा काढून पुसला. मला वाटलं आता सांगतील. म्हणाले, "एकट्याले नाई सांगत."

"सर, डोकं नका फिरवू माहं!"

"ज्याची बोटं गेली त्याले आणा. जिनं वाचलं तिले आणा. त्या साहेबाले आणा. मशीनलेबी आणा."

साहेब कसा येणार? तो येईल अशी व्यवस्था मी केली. फोन करून सांगितलं की येत्या बाजाराच्या दिवशी ते मशीन दुकानासमोर रस्त्यावर ठेवतो, शेजारी शेषराव काकांना खुर्चीवर बसवतो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला काय झालं ते सांगतो. नाहीतर तुम्ही आदल्या दिवशी या आणि आमच्या सरांसमोर बसा. तो आला.

सकाळीच सरांनी मला अंगणात बोलावलं. मशीन आणून ठेवलेलं होतं. "सेठ, मोटारीवरून चाकाकडं जाते तो पट्टा काढून टाका. कोणाले सांगू नका." मी काढला. आता मोटार घरघरेल, पाती मात्र हलणार नाहीत, आणि झाकण बंद असल्यामुळे बाहेरून कोणाला कळणार नाही.

दुपारी सगळे जमले. काका बांधलेला हात छातीशी धरून. काकू. ज्योती पदर ओढून भिंतीजवळ. साहेब खुर्चीवर. आणि बाजूला रिकामी तिपाई. साहेब तिपाईवर बॅग ठेवायला गेला, तर सर म्हणाले, "ती जागा भरेल हाय." साहेबाने बॅग मांडीवर घेतली.

सरांनी ज्योतीला विचारलं, "बेटा, किती बार वाचलं होतं?"

"तीनदा, सर."

"काहून?"

"पयल्यांदा खरं नाई वाटलं."

सरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग साहेबाला म्हणाले, "साहेब, तुमी मशीन चालवणारे व्हा. मी एकेक तुकडा वाचतो, तुमी तसं करा. वाक्याच्या बाहेर काही करायचं नाई."

साहेब हसला. "सर, अर्थ उघड आहे हो. आमच्या वकिलांनी पास केलेलं वाक्य आहे."

"वकील आले नाईत. तुमी आले. उठा."

ते वाक्य मराठीत जसंच्या तसं ओढलं तर असं होतं : झाकण, कोंडलेला चारा पूर्णपणे काढलेला नसल्याच्या प्रसंगाखेरीज, यंत्र थांबण्यापूर्वी उघडण्यात येऊ नये. ऐकताना माणूस 'झाकण' धरतो, शेवटचं 'उघडू नये' धरतो आणि मधली गर्दी सोडून देतो. साहेबानेही तेच केलं होतं. सर गर्दीत शिरले.

"मोटार चालू करा, सेठ." मी बटण दाबलं. घरघर सुरू झाली. साहेब थोडा मागे सरकला.

"यंत्र थांबण्यापूर्वी झाकण उघडू नये," सर म्हणाले. "बरोबर. यंत्र चालू हाय. तुमी उघडू नका." साहेबाने मान हलवली, बघा, मी तेच म्हणत होतो, अशी.

"आता प्रसंगाखेरीज. म्हणजे एक प्रसंग असा हाय का तिथं ही मनाई लागू नाई. कोणता प्रसंग? चारा कोंडला हाय अन् निघाला नाई." सरांनी ओल्या कडब्याची पेंढी उचलली आणि मशीनच्या तोंडात ठासली. "घ्या. कोंडला. निघाला नाई. आता मनाई हाय का?"

साहेबाने मशीनकडे पाहिलं.

"वाक्यात पाहा. वाक्याच्या बाहेर नाई."

"तसं... शब्दशः पाहिलं तर..."

"मनाई हाय का नाई?"

"नाही."

"मंग उघडा."

मोटार घरघरत होती. साहेबाने हात पुढे केला. झाकणाच्या कडीपर्यंत नेला. आणि तिथे तो हात थांबला. मी आयुष्यात पुष्कळ हात पाहिले आहेत, सौद्याच्या वेळी माणसाचं तोंड नाही तर हात बघायचा असतो. साहेबाने तो मागे घेतला आणि खिशात घातला.

"काहून थांबले?" सर अगदी हळू बोलले. "कंपनीचं वाक्य हाय. कंपनीचं मशीन हाय. तुमीबी कंपनीचेच. काकाले तं कंपनी माहीतबी नवती, त्याइनं भरोसा ठेवला."

साहेब म्हणाला, "अहो, पण कोणताही शहाणा माणूस..."

"शहाणा माणूस पुस्तक वाचत नाई, साहेब. या गावात पुस्तक न वाचणाऱ्यायची सगळ्यायची बोटं शाबूत हायेत. ज्यानं वाचलं त्याची गेली." मग त्यांनी स्वतः पुढे होऊन झाकण उघडलं. साहेब किंचाळलाच. आत पाती जागच्या जागी उभी होती. "झाकण उघडायले दुसरं कारण तरी काय असते? चारा कोंडणं. एवढाच एक प्रसंग. अन् नेमका तेवढाच तुमी मनाईतून सोडून देला."

मला साहेबाची कॉलर धरायची होती. दोन पावलं टाकलीही होती. सरांनी मागे न बघता हात वर केला. "सेठ, मारणं वाक्यात नाई. बसा."

मी बसलो. दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून मी असा बसलेलो नाही, आजवर.

मग सर भिंतीकडे वळले. ते वर्गात मुलांवर ओरडत, गावात मोठ्यांना दुरुस्त करत, पहिल्याच फटक्यात बरोबर असं त्यांनी कोणाला म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. ते ज्योतीसमोर जाऊन उभे राहिले. "बेटा, तू बराबर वाचलं. इथं येऊन गेलेल्या सगळ्यायपेक्षा बराबर वाचलं. गलत लिहिणाऱ्याचं हाय. तुह्यं काहीच गलत नाई." आणि त्यांनी ते पुस्तक दोन्ही हातांनी तिच्या हातात दिलं.

ती रडली नाही. पुस्तक घेऊन उभी राहिली, कोणी देवळातलं काही हातात दिल्यासारखी. काकूंनी पदर तोंडाला लावला. काका इतका वेळ मान खाली घालून बसले होते. त्यांनी डाव्या हाताने सदऱ्याच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं, कष्टाने, आणि तिच्याकडे धरलं. "पाह्य बरं ज्योते, हे जेवणाच्या अगोदर हाय का नंतर?"

तिने वाचलं. तीनदा वाचलं असेल, कारण वेळ लागला. मग म्हणाली, "नंतर, बावाजी."

साहेब नजर चुकवत निघाला. "मी वर रिपोर्ट करतो," म्हणाला. सरांनी तिपाईकडे बोट दाखवलं. "हे वाक्य लिहिलं कोणं, तेवढं नाव सांगून जा."

"ते टीमनं केलेलं असतं, सर."

"टीम म्हणजे कोण? तिले बसायले किती तिपाया लागतीन?"

साहेब गेला. सर म्हणाले, "आजबी गैरहाजर." पण नेहमीसारखे हसले नाहीत. तिपाई उचलून आतही नेली नाही. तशीच अंगणात राहू दिली.

त्यानंतर लोक त्यांच्याकडे आणखी जास्त येऊ लागले. काही तर नुसते बघायला. मी मात्र त्यांच्याशी वाद घालणं सोडलं. त्यांची सायकल मी सर्व्हिसिंग करून दिली तेव्हा म्हणाले, "चाकाले कायले तेल घातलं, सेठ? ती चालते थोडीच." हिवाळ्यात ते आजारी पडले, मुलगी अकोल्याला घेऊन गेली, तिथेच गेले. जनाज्याला रिसोडहून जीपा भरून माणसं गेली. त्यांत ज्योती नव्हती, पण काका होते. तीन बोटांच्या हाताने त्यांनी माती दिली.

कंपनीने काकांच्या दवाखान्याचा जो काही खर्च दिला, तो माझ्या तोंडामुळे दिला, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. मी त्यांची मशीनं विकणं बंद केलं. पण परवा बाजारात दुसऱ्या एका दुकानात मी त्यांचं नवीन खोकं उघडायला लावलं. पुस्तक काढलं. मला इंग्रजी येत नाही, पण ते एक वाक्य मला चेहऱ्याने ओळखू येतं, आपल्या वैऱ्यासारखं. तिथेच होतं. एक शब्द बदललेला नाही. पुस्तकावरचं चित्र तेवढं रंगीत केलं आहे.

म्हणून आता मी थेट बोलतो. टीमशी नाही, वकिलाशी नाही, वर रिपोर्ट करणाऱ्या साहेबाशी नाही. ज्याने टेबलाशी बसून ते वाक्य लिहिलं त्या माणसाशी. तू कोणीतरी आहेस, तुला नाव आहे, तुला दोन हात आहेत. सरांची तिपाई मी दुकानात आणून ठेवली आहे, तिच्यावर कोणाला बसू देत नाही. तू रिसोडला ये. चहा पाजतो. मग मागच्या अंगणात जाऊ. शेषराव काका असतील, ज्योती वाचेल, तुझंच वाक्य, एकेक तुकडा. मशीन चालू असेल, चारा मी कोंडतो. या वेळी पट्टा मी काढणार नाही. तू झाकण उघड. नाहीतर काका आणि ज्योतीसमोर उभा राहून सांग, की का उघडत नाहीस.